चिनी वैद्यकाचे आद्य ग्रंथ: कर्ता, संकलक, संपादक

इसवी सनापूर्वी १३९ मध्ये हान दरबारात सादर झालेल्या ‘हुआइनानजी’ या ग्रंथात समकालीन लेखकांना एक टोला हाणलेला आहे. लोकांना जुन्याचे कौतुक आणि नव्याची हेटाळणी. म्हणून ज्याला आपले मत खपवायचे असेल तो ते शननोंग किंवा हुआंगदी यांच्या तोंडी घालतो, असा त्याचा आशय. हुआंगदी म्हणजे पुराणातला पीत सम्राट आणि शननोंग म्हणजे शेती व वनस्पतींचा आद्य गुरू. चिनी वैद्यकाच्या दोन सर्वमान्य ग्रंथांच्या शीर्षकांत नेमकी हीच दोन नावे आहेत. म्हणजे हे ग्रंथ आकार घेत होते त्याच शतकांत जाणकारांना ही युक्ती ठाऊक होती. ‘पाच हजार वर्षांचे वैद्यक’ ही आजची जाहिरात त्या जुन्या युक्तीचीच पुढची आवृत्ती म्हणायला हवी.

हे ग्रंथ लिहिले कोणी, या प्रश्नाचा पाठलाग करत गेलो की आपण दंतकथेत शिरतो. ते गोळा कोणी केले, लावले कोणी, छापले कोणी, असे विचारले की मात्र नावे, साले आणि कारणे हाती येतात. या विवेचनात दुसरा रस्ता धरला आहे. माझ्या मते चिनी वैद्यकाच्या अभिजात ग्रंथांचा उगम वैद्यांच्या अनुभवात आहे तितकाच संपादकांच्या मेजावर आहे.

ग्रंथपालाची यादी

इ.स.पू. २६ मध्ये सम्राट छंग याने राजग्रंथालयातील विस्कळीत पोथ्या तपासून लावण्याचे काम लियू श्यांग या पंडिताकडे सोपवले. वैद्यक आणि औषधयोगांचा विभाग ली जूगुओ या राजवैद्याकडे आला. पोथी म्हणजे त्या काळी बांबूच्या अरुंद पट्ट्या दोरीने ओवून केलेली गुंडाळी. दोरी कुजली की पट्ट्या सुटतात आणि कोणती पट्टी कोणत्या प्रकरणाची हे कोणीतरी ठरवावे लागते. त्या ‘कोणीतरी’ने केलेली यादी पुढे हान राजवंशाच्या इतिहासग्रंथात उतरली. तीत वैद्यकाचे एकूण ३६ ग्रंथ नोंदलेले आहेत आणि त्यांचे चार गट आहेत: सिद्धान्तग्रंथ, औषधयोग, शयनशास्त्र आणि अमरत्वविद्या.

सिद्धान्तग्रंथ सात. हुआंगदीच्या नावावर ‘अंतर्ग्रंथ’ १८ खंडांचा आणि ‘बाह्यग्रंथ’ ३७ खंडांचा. बियान छ्युए या आख्यायिकेतल्या वैद्याच्या नावावर ९ आणि १२ खंडांचे दोन. बाय नावाच्या परंपरेचे तीन. या ३६ नावांपैकी आज एकच ओळखता येते, ते म्हणजे हुआंगदीचा अंतर्ग्रंथ, ‘हुआंगदी नेइजिंग’. आज जो एकमेव पाया म्हणून शिकवला जातो तो यादी झाली तेव्हा सात पायांपैकी एक होता, आणि आकाराने मोठ्यांतलाही नव्हता. टिकला तो श्रेष्ठ ठरला. श्रेष्ठ होता म्हणून टिकला असे म्हणायला पुरावा नाही.

यादीपूर्वीचे ज्ञान कसे फिरत असे याची झलक सीमा छ्येन याच्या इतिहासात मिळते. छुनयू यी हा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला वैद्य. त्याला इ.स.पू. १८० मध्ये यांग छिंग नावाचा गुरू भेटला. गुरूने सत्तरी ओलांडलेली, मुलगा नाही. त्याने शिष्याला आधी जुने सगळे योग टाकून द्यायला लावले आणि मग हुआंगदी व बियान छ्युए यांच्या नावांची नाडीविषयक पुस्तके दिली, ती गुप्त ठेवण्याच्या अटीवर. पुढे राजाने चौकशी केली तेव्हा छुनयू यीने आपले पंचवीस रुग्ण नाव-गावासकट मांडले. त्यांतले काही दगावले, हेही त्याने लपवले नाही. चिनी वैद्यकातल्या या सर्वांत जुन्या रुग्णनोंदी दंतकथेपेक्षा फार मोलाच्या आहेत. अभिजात ग्रंथांत मात्र त्यांना जागा मिळाली नाही.

थडग्यांची साक्ष

१९७३ पर्यंत या सगळ्याचा अंदाजच बांधावा लागे. त्या वर्षी छांगशा शहराजवळच्या मावांगदुई येथील तिसऱ्या क्रमांकाचे थडगे उघडले गेले. ते बंद झाले होते इ.स.पू. १६८ मध्ये. आत रेशमावर आणि बांबूवर लिहिलेली वैद्यकाची डझनभर लिखिते निघाली. दहा वर्षांनी हूबेइ प्रांतातल्या जांगजियाशान येथे त्याहून थोड्या जुन्या थडग्यात ‘नाडीग्रंथ’ सापडला. ही लिखिते नेइजिंगच्या संकलनाआधीची आहेत आणि कोणाही संपादकाचा हात न लागता जमिनीखाली राहिली. त्यामुळे संपादनाने नेमके काय केले हे मोजायला ती उत्तम माप आहेत.

पहिला फरक वाहिन्यांचा. नेइजिंगमध्ये शरीरात बारा मुख्य वाहिन्या आहेत. त्या एकमेकींना जोडलेल्या असून त्यांतून ‘छी’, म्हणजे प्राणसदृश तत्त्व, अखंड फिरत राहते. मावांगदुईच्या लिखितांत वाहिन्या अकराच आहेत. एका लिखितात सगळ्या हातापायांकडून धडाकडे निघतात आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. अभिसरणाची कल्पनाच नाही. दुसरा फरक त्याहून बोलका: या वाहिन्यांवर उपचार आहे तो डागणीचा, दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची सुकी पाने पेटवून दिलेल्या चटक्याचा. सुईचा तिथे पत्ता नाही. ज्या ॲक्युपंक्चरला अनादि म्हटले जाते, त्याची सिद्धान्तासह मांडणी या थडग्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत झाली, असा निष्कर्ष यातून काढावा लागतो.

तिसरी गोष्ट ‘बावन्न रोगांवरील योग’ या लिखितातली. त्यात सुमारे २८० उपाय आहेत: जखमा, साप-विंचू, मूळव्याध, लहान मुलांचे झटके. यिन-यांगचा सिद्धान्त त्यात जवळजवळ नाही. उलट चामखिळीवरचा उपाय असा: महिन्याच्या अखेरच्या दिवशी पाणी असलेल्या विहिरीपाशी जावे, जुन्या झिजलेल्या केरसुणीने चामखीळ सात-सात वेळा दोनदा झाडावी, आज महिना सरला, चामखीळ झाडून टाकतो, अशा अर्थाचा मंत्र म्हणावा आणि केरसुणी विहिरीत टाकावी. त्याच लिखितात शेजारी, मंत्राशिवाय, मूळव्याधीवर वनस्पतींचे उपाय येतात. थडग्यातल्या सरदारपुत्राला किंवा त्याच्या लेखनिकाला या दोहोंत विसंगती दिसत नव्हती. नेइजिंगने यातला मंत्र बहुतांशी बाहेर ठेवला. ही निवड होती, आणि ती कोणीतरी जाणूनबुजून केली.

सम्राटाचा प्रश्न

आज नेइजिंगचे दोन भाग मानले जातात: ‘सूवन’ आणि ‘लिंगशू’, प्रत्येकी ८१ प्रकरणे. रचना संवादाची. सम्राट विचारतो, छीबो आणि इतर मंत्री उत्तरे देतात. भाषा, परिभाषा आणि मते पाहता मजकूर मुख्यतः इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातला आणि अनेक हातांचा आहे. हे सिद्ध करायला बाहेर जावे लागत नाही. सूवनच्या अकराव्या प्रकरणात सम्राट स्वतःच कुरकुर करतो: कोणी वैद्य मेंदू आणि मज्जेला प्रमुख अवयव म्हणतात, कोणी आतडी-जठराला, त्यांना एकमेकांविरुद्ध बोला असे सांगितले तर प्रत्येक जण आपलेच खरे करतो. संकलकाने भांडण मिटवले खरे, पण भांडण झाले होते ही नोंद ठेवून दिली.

भांडण कसे मिटवले हे पाहण्यासारखे आहे. आठव्या प्रकरणात शरीर म्हणजे एक राज्य: हृदय राजा, फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती. लिंगशूच्या एका प्रकरणात बारा वाहिन्या देशातल्या बारा मोठ्या जलप्रवाहांशी जुळवल्या आहेत. इ.स.पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने इतर सहा लढती राज्ये मोडून एक साम्राज्य केले, रस्ते-कालवे जोडले, मोजमापे एक केली. अकरा सुट्या वाहिन्यांच्या जागी बारा जोडलेल्या वाहिन्या आल्या त्या या एकीकरणानंतर. पाउल उन्शुल्ड या जर्मन अभ्यासकाने हा संबंध आग्रहाने मांडला आहे. राज्यरचनेतून शरीररचना निघाली असे सरळ समीकरण मी मांडणार नाही. पण कोंडलेले पाणी आणि अडलेला धान्यपुरवठा म्हणजे रोग, ही कल्पना कालवे खणणाऱ्या राज्याला सहज सुचावी यात नवल नाही.

‘नानजिंग’ (त्याच उच्चाराच्या शहराशी याचा संबंध नाही) हा पुढचा टप्पा, साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. ८१ अवघड प्रश्न आणि त्यांची उत्तरे. पहिलाच प्रश्न असा की बाराही वाहिन्यांची नाडी लागत असताना एकट्या मनगटावरून निदान का करावे? उत्तर देताना मान आणि पायांची नाडी बाजूला पडली आणि मनगट राहिले. आजही चिनी वैद्य रुग्णाच्या मनगटावर तीन बोटे ठेवतो त्याचा ग्रंथाधार इथे आहे.

काढा आणि पेज

नेइजिंग आणि नानजिंग या ग्रंथांत औषध फार थोडे आहे. औषधाची बाजू भरून काढली ती जांग जोंगजिंग याने, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. त्याच्या नावाने आलेल्या प्रस्तावनेत कारणही दिले आहे: दोनशेहून अधिक माणसांचे कुळ, १९६ पासून दहा वर्षांच्या आत त्यातली दोनतृतीयांश मेली, आणि मेलेल्या दहांतली सात शीतजन्य ज्वराने. हान साम्राज्य कोसळत होते, साथी पसरत होत्या. त्या काळच्या राजकीय इतिहासात या माणसाचे चरित्र नाही.

त्याचा ग्रंथ शीतज्वराच्या सहा अवस्था मानतो आणि प्रत्येकीत लक्षणांवरून योग सांगतो. पहिलाच प्रसिद्ध योग जवळून पाहू. दालचिनीच्या डहाळ्या, पिओनीचे मूळ, भाजलेले ज्येष्ठमध, ओले आले आणि बारा बोरे. सात मापे पाण्यात मंद आचेवर उकळून तीन मापे उरवायची, एक माप कोमट प्यायचे. त्यानंतर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची, म्हणजे औषधाला जोर मिळतो. पांघरूण घेऊन पडायचे. अंगाला हलका ओलावा यावा. घाम धारांनी वाहिला तर रोग जात नाही. एका मात्रेने घाम आला तर बाकीचा काढा घ्यायचा नाही. कच्चे, थंड, चिकट, मांस, दारू वर्ज्य. ज्याने हे लिहिले तो रुग्णाच्या उशाशी बसलेला होता याबद्दल मला शंका वाटत नाही. नेइजिंगमध्ये असा उतारा शोधून सापडणे कठीण.

पण हाही ग्रंथ मूळ रूपात पोचला नाही. लढायांत पोथ्या विस्कटल्या. तिसऱ्या शतकात वांग शूहे या राजवैद्याने ज्वराचा भाग पुन्हा लावला. सातव्या शतकात सुन सिमियाओ हा वैद्य तक्रार करतो की दक्षिणेतले वैद्य जोंगजिंगचे योग दडवून ठेवतात, कोणाला देत नाहीत; आयुष्याच्या अखेरीस मात्र त्याने मिळालेला मजकूर स्वतःच्या ग्रंथात उतरवला. उरलेला, ज्वराखेरीजच्या आजारांचा भाग अकराव्या शतकात वांग जू याला राजविद्यालयाच्या ग्रंथालयात, वाळवीने खाल्लेल्या पोथ्यांत सापडला. ‘शांगहान लुन’ आणि ‘जिनग्वेइ याओल्यूए’ असे आज दोन ग्रंथ दिसतात. ती एकाच ग्रंथाची दोन शकले आहेत.

तांबडी शाई

‘शननोंग बनत्साओ जिंग’ हा औषधीद्रव्यांचा आद्य ग्रंथ. द्रव्ये ३६५, वर्षाच्या दिवसांइतकी. १२० उत्तम, १२० मध्यम, १२५ कनिष्ठ. उत्तम म्हणजे विषहीन, आयुष्य वाढवणारी. त्या उत्तम वर्गाच्या अग्रभागी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज आहे! अमरत्व शोधणाऱ्यांची छाप यावर किती होती हे यावरून समजावे. मूळ पोथी नष्ट झाली. आज आहे ते इ.स. ५००च्या सुमारास थाओ होंगजिंग याने केलेल्या संपादनातून पुन्हा जुळवलेले.

थाओ संपादक म्हणून विलक्षण होता. शननोंगच्या ग्रंथात औषधे कुठे मिळतात ते सांगताना जिल्ह्यांची जी नावे येतात ती उत्तर हान काळातली आहेत, हे त्याने ओळखले आणि लिहूनही ठेवले. म्हणजे ग्रंथ पुराणपुरुषाचा असूच शकत नाही, हे दीड हजार वर्षांपूर्वी अंतर्गत पुराव्यावरून सांगितले गेले. त्याने जुन्या ३६५ द्रव्यांना इतर वैद्यांच्या नोंदींतली ३६५ जोडली आणि दोन्ही मिसळू नयेत म्हणून मूळ मजकूर तांबड्या शाईत, भर काळ्या शाईत लिहिला.

हीच युक्ती ७६२ मध्ये वांग बिंग याने सूवनसाठी वापरली. त्याच्या हाती आलेली प्रत अपुरी होती, प्रकरणे दोनदा आलेली, काही गळालेली. त्याने क्रम बदलला, गाळले, घातले आणि प्रस्तावनेत कळवले की आपण घातलेला प्रत्येक शब्द तांबड्या शाईत आहे. शिवाय गुरूकडून मिळाला म्हणून ऋतुचक्र आणि ग्रहगतीवर रोग बेतणारी सात लांबलचक प्रकरणे जोडली. पुढच्या नकलाकारांकडे दोन शाया नव्हत्या, किंवा सवड नव्हती. तांबडे काळे झाले. आजच्या सूवनचा बराच मोठा हिस्सा असा थांगकालीन वळणाने आलेला आहे. चरकसंहितेची आपल्याला सवय असल्याने हे फार खटकू नये: तिथेही दृढबलाने हरवलेली प्रकरणे पुन्हा रचल्याचे संहितेतच नमूद आहे.

थांग काळाचा उल्लेख आला म्हणून भारताचा एक खरा धागा इथेच सांगतो. सातव्या शतकातल्या सुई राजवंशाच्या इतिहासातील ग्रंथसूचीत नागार्जुन बोधिसत्त्वाचे औषधयोग आणि ब्राह्मण ऋषींचे औषधयोग अशी शीर्षके आहेत. सुन सिमियाओ चार महाभूतांपासून प्रत्येकी १०१, मिळून ४०४ रोग होतात हे बौद्ध गणित देतो आणि जीवकाच्या नावाची गोळी सांगतो. ६५९ मध्ये राजाज्ञेने सिद्ध झालेल्या औषधिकोशात आपला हिरडा जवळजवळ त्याच नावाने दाखल झाला. मोतीबिंदू सुईने खाली ढकलण्याची क्रियाही भारतीय नेत्रवैद्यकातून गेली. पण चार महाभूतांचा सिद्धान्त चीनच्या पंचतत्त्वांपुढे टिकला नाही. द्रव्ये आणि क्रिया राहिल्या, विचार मागे पडला.

सरकारी छापखाना

निर्णायक वळण १०५७ चे. सोंग दरबाराने वैद्यकग्रंथ तपासणीचे स्वतंत्र कार्यालय काढले. लिन यी, गाओ बाओहंग, सुन छी हे त्यातले प्रमुख. वैद्य आणि भाषापंडित एकत्र बसले, प्रतींशी प्रती ताडल्या, पाठ ठरवले आणि लाकडी ठशांवरून छापले. सूवनच्या दुरुस्तीत सहा हजारांहून अधिक अक्षरे सुधारल्याचे आणि दोन हजारांहून अधिक टिपा घातल्याचे त्यांनीच नोंदले आहे. वांग बिंगच्या आधीची छ्वान युआनछी याची टीका त्यांच्याजवळ होती, म्हणून कोणते प्रकरण जुन्या प्रतीत कुठे होते हे त्यांनी प्रत्येक ठिकाणी लिहिले. त्या सात लांब प्रकरणांविषयी त्यांनी सरळ शंका घेतली: ही दुसऱ्याच ग्रंथातली असावीत आणि गळालेला भाग भरून काढायला वांगने ती आणली असावीत. तरी ती छापली. मला या कार्यालयाचा आदर वाटतो तो यासाठी की त्यांनी शंका टिपेत ठेवली आणि मजकूर वाचकापुढे ठेवला.

छापण्याचे अर्थकारणही नोंदलेले आहे. मोठ्या अक्षरांतला शांगहान लुन कागद-शाईच्या खर्चामुळे सामान्य माणसाला परवडेना, म्हणून १०८८ मध्ये लहान अक्षरांची स्वस्त आवृत्ती काढण्याचा हुकूम निघाला. ‘अभिजात’ होण्यासाठी आधी विकत मिळावे लागते. गुरूने अट घालून दिलेली पोथी आता दुकानात आली, आणि जे या छपाईत आले नाही ते हळूहळू नाहीसे झाले.

लिंगशूची गोष्ट तर परदेशातून जाते. सोंग काळापर्यंत त्याच्या चांगल्या प्रती चीनमध्ये उरल्या नव्हत्या. कोरियाच्या गोर्यो दरबाराने दिलेली प्रत मिळाली आणि १०९३ मध्ये ती छापण्याची आज्ञा झाली. त्यानंतर उत्तर चीन जुर्चेनांच्या ताब्यात गेला. आज वाचतो तो पाठ ११५५ मध्ये शी सोंग याने घरातल्या जुन्या प्रतीवरून प्रसिद्ध केलेला आहे. नेइजिंगची तिसरी, वांग बिंगच्या आधीची मांडणी ‘ताइसू’ चीनमधून पार हरवली होती. तिची बाराव्या शतकातली नक्कल जपानमध्ये क्योतोच्या निन्नाजी मंदिरात राहिली आणि एकोणिसाव्या शतकात उजेडात आली. जो ग्रंथ चीनच्या राष्ट्रीय अभिमानाचा विषय आहे, त्याचा अर्धा भाग बहुधा कोरियाच्या आणि ताडून पाहण्याची प्रत जपानच्या उपकाराने आहे.

ली शिजनविषयी इथे थोडक्यात आटोपतो, कारण त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा ‘बनत्साओ गांगमू’ १५७८ मध्ये पूर्ण झाला, त्यात १८९२ द्रव्ये आहेत, आणि तो नानजिंग शहरात छापून लोकांच्या हाती पोचायच्या आत लेखक वारला. पाऱ्याने आयुष्य वाढते म्हणणाऱ्यांची त्याने कडक हजेरी घेतली. शननोंगच्या ‘उत्तम’ वर्गाला दिलेले हे उशिराचे उत्तर. विसाव्या शतकात १९५६ पासून सरकारी चिनी वैद्यक महाविद्यालये निघाली आणि ‘चार अभिजात ग्रंथ’ अशी अभ्यासक्रमाची चौकट बसली. ते चार कोणते यावर आजही एकवाक्यता नाही.

राहिली गोष्ट छिंगहाओची, तीही दवण्याच्याच कुळातली वनस्पती. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या नावावर असलेल्या घरगुती उपायांच्या पुस्तकात तापाच्या पाळ्यांवर एक ओळ येते: मूठभर छिंगहाओ दोन मापे पाण्यात भिजवावे, पिळून रस सगळा प्यावा. यात उकळणे नाही, हे १९७१ मध्ये थू योयो या चिनी संशोधिकेच्या लक्षात आले. त्यांनी कमी तापमानावर ईथरने अर्क काढला, त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध मिळाले आणि २०१५ मध्ये नोबेल. पुरस्काराबरोबर गे होंगचे नाव जगभर गेले. पण त्याचे पुस्तक आधी थाओ होंगजिंगने वाढवले होते, आणि ११४४ मध्ये यांग योंगदाओ याने पुन्हा. यांगची भर वेगळ्या शीर्षकाखाली असल्याने ती बाजूला काढता येते. थाओने आपली भर, सवयीप्रमाणे, तांबड्या शाईने दाखवली होती. छापील प्रतींत तो भेद राहिलेला नाही. त्यामुळे छिंगहाओची ती ओळ गे होंगची की थाओ होंगजिंगची, हे केवळ पुस्तकाच्या आधारे ठरवता येत नाही.